छावणीचा तळ आणि भगताचे गाणे

चैत्र शुद्ध प्रतिपदेस आपण दारी गुढी उभारतो, कडुनिंबाची पाने चाखतो, नव्या पंचांगाची पूजा करून संवत्सरफल ऐकतो. दुसऱ्या दिवशी, द्वितीयेची चंद्रकोर पश्चिमेस दिसू लागते त्या वेळी, कल्याणपुढच्या उल्हासनगरात आपलाच शेजारी सिंधी समाज चेटीचंड साजरा करतो. ‘चेट’ म्हणजे चैत्र आणि ‘चंड’ म्हणजे चंद्र. आपली प्रतिपदा आणि त्यांची द्वितीया एका रात्रीच्या अंतरावर आहेत. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानकेही एकाच रेल्वेमार्गावर एकापुढे एक आहेत. असे असूनही अंबरनाथ-बदलापूरच्या किती मराठी घरांनी त्या सायंकाळी उल्हासनगरात उतरून भगत ऐकला असेल? जे सहा-सात मैलांवर गायिले जाते ते पाऊणशे वर्षांत आपल्या कानी पडले नाही, आणि आता ते ऐकविणारेच विरळ होत चालले आहेत. म्हणून या सणाच्या निमित्ताने आम्ही हा विषय वाचकांपुढे मांडीत आहो.

प्रथम त्या भूमीचा विचार करू. हा सारा टापू पूर्वापार मुक्कामाचा आहे. प्रवासी येथे घोडे बदलीत म्हणून बदलापूर, अशी लोकांची समजूत आहे. अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळातील शिवालय उभे आहे. त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असा काल कोरलेला आहे. पायऱ्या उतरून गर्भगृहात गेले की बाहेरचा गलबला आपोआप मागे राहतो. या पुरातन तीर्थाच्या शेजारी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने लष्कराचा मोठा तळ उभारला. ‘कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प’ हे त्याचे नाव. सुमारे ६,००० सैनिक आणि इतर ३०,००० माणसे राहतील अशी ती योजना होती. दोन हजारांहून अधिक बराकी बांधल्या गेल्या. बहुतेक बराकींत मध्ये मोठे दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी रचना होती. युद्धासाठी घेतलेल्या जमिनींचे दुःख या भागात अद्याप जिवंत आहे. जवळच्या नेवाळी येथे त्या वेळी विमानांच्या धावपट्टीसाठी गेलेली जमीन परत मिळावी म्हणून २०१७ साली शेतकऱ्यांनी तीव्र आंदोलन केले, हे वाचकांना आठवत असेल. त्या भूमीवर मुळात नांगर चालत होता, हे विसरून तिची कथा सांगता येणार नाही.

युद्ध संपले आणि तळ ओस पडला. इतक्यात १९४७ ची फाळणी आली. सिंधमधून घरदार, शेतीवाडी, पेढ्या, नदी आणि पितरांची भूमी सोडून आलेल्या लोकांची आगबोटींतून आणि आगगाड्यांतून रीघ लागली, आणि त्यांतील सुमारे १ लाख माणसे या रिकाम्या बराकींत आणून ठेवण्यात आली. जेथे पलटणीतले जवान झोपत त्या लांब दालनांत गोणपाटाचे आणि जुन्या लुगड्यांचे पडदे लावून कुटुंबे राहू लागली. एका पडद्याआड बाळंतीण, तर दुसऱ्या पडद्याआड अखेरच्या घटका मोजणारा म्हातारा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगरीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पण लोकांच्या तोंडून ‘कॅम्प’ हा शब्द काही गेला नाही. आजही रिक्षावाल्याला ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असेच सांगावे लागते. संस्कृतात लष्कराच्या तळाला ‘स्कंधावार’ म्हणतात. राजा हलला की स्कंधावार मोडतो, हा त्या शब्दाचा स्वभाव आहे. येथे मात्र मोडू घातलेला स्कंधावार कायमचे गाव झाला.

हे कशामुळे झाले? सरकारने धान्य दिले, छप्पर दिले, पुढे दुकाने आणि कारखाने निघाले, सिंधी माणसाचा व्यापारी पुरुषार्थ तर प्रसिद्धच आहे. हे सारे खरे. परंतु धान्याने आणि छपराने माणूस जगतो, तेवढ्याने गाव होत नाही. गाव होण्यासाठी संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसावे असे काही लागते. छावणीत पूर्वी बिगुल वाजे. तो माणसांना उठवी, रांगेत उभे करी आणि झोपवी. त्याच छावणीत पुढे ढोलक, पेटी आणि घुंगरू वाजू लागले, तेव्हा रांगेतली माणसे पुन्हा एकमेकांची शेजारी झाली.

अशा गोष्टी महाराष्ट्रात अन्यत्रही घडल्या आहेत. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. रशियाने मायदेशातून उचलून सैबेरियाकडे नेलेल्या आणि तेथून हिंदुस्थानात पोहोचलेल्या सुमारे ५,००० जणांची, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले यांची, ती वस्ती. त्यांनी तेथे आपले प्रार्थनामंदिर केले, शाळा काढल्या, समूहगायन आणि नाटके चालविली. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले. एकाच तळावर एकामागून एक दोन बेघर समाज आले. भाषा निराळी, धर्म निराळा, देश निराळा; परंतु दोघांनीही परक्या भूमीवर आपली गाणी जपली.

आम्हां वारकरी-कीर्तनकारांना यात नवल वाटू नये. आषाढीच्या वाटेवर पालखी जेथे रात्री उतरते त्या जागेला आपणही ‘तळ’च म्हणतो. हा शब्द लष्करातला आहे, आणि त्यामागचा इतिहासही लष्करातला आहे. माउलींच्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार होते. घोडे, तंबू, कर्णा, दिंड्यांचे क्रमांक आणि चोपदारांची शिस्त ही सारी व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी लावली. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून अश्व आणि तंबू येऊ लागले. तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंच केला की क्षणात लाखोंचा जमाव शांत होतो, आणि मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पुकार होते. निर्वासितांच्या छावणीतही हरवलेल्या माणसांचा शोध हाच पहिला प्रश्न होता. सैन्याच्या रीतीतून भक्तीचा तळ कसा होतो, याचे उदाहरण आपल्याच घरात असताना उल्हासनगरचा तळ आपल्याला परका का वाटावा?

आता भगत म्हणजे काय ते सांगतो. सिंधीत ‘भगत’ हा शब्द गाणाऱ्या भक्ताला लागतो, आणि तो करतो त्या कार्यक्रमालाही लागतो. मुख्य भगत अंगात पायघोळ जामा घालतो, डोक्यास पगडी बांधतो, पायांत घुंगरू बांधतो आणि उभ्याने गातो. मागे साथीदार ओळ उचलून धरतात. ढोलक किंवा तबला असतो, पेटी असते. मंगलाचरण होते, पद होते, पदाच्या पोटात दृष्टांत आणि आख्यान येते, मध्येच विनोदाची पेरणी होते आणि श्रोता हसत असतानाच त्याच्या डोळ्यांत पाणी आणणारी ओळ येते. भगत गिरकी घेतो, घुंगरांचा नाद वाढतो आणि सारी बैठक टाळ्यांनी ठेका धरते. नारदीय कीर्तनकाराने हे पाहिले तर तो म्हणेल की हा माझा गुरुबंधू आहे, याचा पूर्वरंग आणि उत्तररंग तेवढा निराळ्या गाठीने बांधलेला आहे. देवगिरीच्या यादवांच्या, सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला तेव्हा गीत, वाद्य आणि नृत्य या तिन्ही मिळून संगीत, अशीच व्याख्या त्याने मानली. आज तिन्ही एका माणसाच्या देही एकवटलेली पाहायची तर ती कीर्तनात पाहावी, किंवा भगतात पाहावी.

या परंपरेचा मुकुटमणी म्हणजे भगत कंवरराम. त्यांचा जन्म १३ एप्रिल १८८५ रोजी सिंधमधील जरवार गावी झाला. रहडकीच्या संत सतरामदासांचे ते शिष्य. गावोगाव फिरून ते भगत करीत, आणि त्यात झोळीत जे पडे ते आंधळ्या-पांगळ्यांना आणि गरजूंना वाटून टाकीत. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यांचे श्रोते होते. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्थानकावर आगगाडीत त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. त्यांचे वय त्या वेळी चोपन्न होते. वाद्यांखेरीज ज्याच्या हाती काही नव्हते अशा माणसाचा हा शेवट. पुढे आठ वर्षांनी सारा समाजच जेव्हा उखडला गेला, तेव्हा त्यांचे शिष्य-प्रशिष्य आणि त्यांची चाल ओळखणारे श्रोते छावण्यांत येऊन पडले. २०१० साली भारत सरकारने कंवररामांचे टपाल तिकीट काढले. परंतु त्यांचे खरे स्मारक ती चाल आहे, आणि चाल दगडात कोरता येत नाही. ती गळ्यातून गळ्यातच जावी लागते.

भगत गातो ते काय? येथे संस्कृताच्या अभ्यासकाने कान टवकारावेत अशी सामग्री आहे. शिकारपूरचे भाई चैनराय लुंड (१७४३–१८५०) यांनी गुरूच्या नावे ‘सामी’, म्हणजे स्वामी, ही मुद्रा घेऊन सिंधीत वेदान्त सांगितला. त्यांच्या रचनेला ‘सामीअ जा सलोक’ म्हणतात. आपण ‘सामीचे श्लोक’ म्हणू. मराठीचा ‘चा-ची’ आणि सिंधीचा ‘जो-जी’ हे किती जवळचे प्रत्यय आहेत हे वाचकांच्या ध्यानी येईलच. माया, अविद्या, साक्षी, आत्मप्रतीती हे सारे विषय तेथे साध्या गृहस्थाच्या बोलीत येतात. चिठोऱ्यांवर श्लोक लिहून ते मडक्यात टाकीत, असे सांगतात. स्वतःचे नाव पुसून गुरूचे नाव लावणारा असा कवी आपल्याला अनोळखी राहावा हे आपले दैन्य आहे.

त्याहूनही जवळचा धागा आपल्या नामदेवरायांचा आहे. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची ६१ पदे शीखांच्या गुरुग्रंथसाहिबात आली, हे आपण अभिमानाने सांगतो. सिंधमधील असंख्य हिंदू नानकपंथी होते. त्यांच्या टिकाण्यांत आणि दरबारांत गुरुग्रंथसाहिबाचे पठन आणि गायन चाले. ती माणसे फाळणीत इकडे आली तेव्हा ग्रंथही मस्तकी धरून आली, आणि उल्हासनगरच्या दरबारांत वाणीचे गायन पुन्हा सुरू झाले. म्हणजे चंद्रभागेच्या वाळवंटात नाचलेल्या नामदेवांची वाणी पंजाबात गेली, तेथून सिंधूकाठी गेली, आणि सहाशे वर्षांनी निर्वासितांबरोबर ठाणे जिल्ह्यातल्या एका लष्करी बराकीत परत आली. आपण तिला ओळखले नाही, कारण ती दुसऱ्या चालीत गायिली जात होती!

आणि दैवत? चेटीचंडास ज्यांचा जन्मोत्सव होतो ते झूलेलाल म्हणजे उडेरोलाल हे वरुणाचे अवतार मानले जातात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ आणि वरुण एका नावेत बसून समुद्राच्या मध्यावर जातात, लाटांवर ती नाव झोक्यासारखी झुलते, आणि पुढे दुरावलेला ऋषी वरुणाला विचारतो की आपले ते जुने सख्य कोठे गेले? दहाव्या मंडलातील नदीसूक्तात सिंधूची थोरवी गायिली आहे. वेदांत ज्या देवाला आणि ज्या नदीला असे हाकारले, त्या देवाची नित्य उपासना आणि त्या नदीची नित्य आठवण ठेवणारा समाज आपल्या शेजारी आहे. उत्सवात ते ‘बहिराणा’ सजवितात, म्हणजे थाळीत ज्योत, कलश, खडीसाखर आणि फळे मांडतात. ढोल आणि शरणाईच्या साथीवर टिपऱ्यांसारखा ‘छेज’ खेळतात आणि ज्योत पाण्यापाशी नेतात. तेथे वस्त्राचे टोक पसरून मागणे मागतात, त्याला ‘पल्लव’ म्हणतात. आपल्या आया-बहिणी देवापुढे पदर पसरतात, ते आणि हे एकच होय. सिंधू आता परदेशात राहिली. म्हणून ते उल्हास नदीला, विहिरीला, तळ्याला सिंधू मानून पल्लव पसरतात. आपणही घागरीतल्या पाण्यात गंगेचे आवाहन करतोच की!

यावर काही सुज्ञ गृहस्थ आक्षेप घेतील. त्यांचा आम्ही अनादर करीत नाही. पहिला आक्षेप असा, की भगतात शाह अब्दुल लतीफ आणि सचल सरमस्त या सूफी कवींची पदे येतात. ती आपल्या देवघरात कशी चालावी? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ वारकऱ्यांना चालतो, त्यांचे नाव संतांच्या मालिकेत घेतले जाते. तेथे आपण जी कसोटी लावली तीच येथे लावावी. शाह लतीफांच्या काव्यात मारुई नावाच्या खेडवळ मुलीची कथा आहे. राजा उमर तिला पळवून महालात ठेवतो, रेशीम-दागिने पुढे करतो. ती मात्र आपल्या माळरानातल्या माणसांसाठी झुरते आणि घोंगडी सोडीत नाही. अशोकवनातल्या सीतेचे आख्यान लावणाऱ्या कीर्तनकाराला यात काय परके वाटेल? आणि ज्यांचे गाव कायमचे तुटले त्यांनी छावणीत ही कथा ऐकली तेव्हा त्यांच्या मनाचे काय झाले असेल, याचा विचार करावा. ज्या समाजाला धर्मामुळे देश सोडावा लागला त्यानेच ही पदे टाकून दिली नाहीत. मग आपण शेजाऱ्याने सोवळे का मिरवावे?

दुसरा आक्षेप भाषेचा. भाषा कळत नाही हे खरे, परंतु सर्वस्वी अनोळखी नाही. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. शिवाय आख्यान आधी ठाऊक असेल आणि एखाद्या जाणत्याने दोन वाक्यांत प्रसंग मराठीत सांगितला, तर बाकीचे काम स्वर करतो. कर्नाटकातील दासांची पदे पंढरीत ऐकताना आपण कोश घेऊन बसत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो सिंधी तरुणाचाच आहे: हे आता कोण ऐकतो? सिंधमध्ये जन्मून लहानपणी इकडे आलेली पिढी आज ऐंशीच्या आसपास वा पुढे आहे. घरोघरी मुले हिंदी-इंग्रजी बोलतात. सिंधी भाषेला १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण लिपी अरबी असावी की देवनागरी, हा वाद राहिलाच आणि त्यात वाचणारा कमी झाला. अशा वेळी भाषा टिकते ती गाण्यात. प्राध्यापक राम पंजवानी (१९११–१९८७) यांनी हे ओळखले होते. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविलेला हा लेखक हाती मडके घेऊन त्यावर ताल धरी आणि गात हिंडे. झूलेलाल आणि चेटीचंड यांच्याभोवती विखुरलेल्या समाजाला त्यांनी पुन्हा एकत्र आणले. एका मडक्याच्या ठेक्यावर एवढे झाले!

आज उत्सवात मडक्याची जागा ध्वनिक्षेपकांच्या भिंतीने घेतली आहे. यात सिंधी समाजाला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण आपल्या गणपतीची मिरवणूक निराळी नसते. एका गावी उत्सवात आमचे कीर्तन चालू असताना मंडपामागे कोणी मुद्रित गाणी अशी काही सोडली की मृदंगावर थाप पडली की नाही हे मृदंगियालाच कळेना. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. ते कोठेही घडते. प्रश्न केवळ कानठळ्यांचा नाही. यंत्रातून आलेले गाणे श्रोत्याकडे पाहत नाही. समोर कोणी रडते आहे म्हणून ते थांबत नाही, रंग भरला म्हणून ओळ पुन्हा घेत नाही, पोर झोपी गेले म्हणून आवाज उतरवीत नाही. जिवंत गाणारा हे सारे करतो. कंवररामांच्या भोवती रात्र-रात्र माणसे बसत, कारण त्यांना वाटे की हा माझ्यासाठी गातो आहे. आणि व्यवहाराचेही बोलू. भाड्याच्या भिंतीला दिलेला पैसा यंत्राच्या मालकाकडे जातो. ढोलक्या, पेटीवाला, शरणाईवाला आणि भगत यांची चूल त्याने पेटत नाही. चूल पेटली नाही की मुलगा दुसरा धंदा धरतो, आणि परंपरा बापाबरोबर स्मशानात जाते.

कायद्याचा मुद्दाही प्रामाणिकपणे पाहिला पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. भगत हा मुळात रात्रभर चालणारा प्रकार, आणि आपले जागर-गोंधळही तसेच. ती रात्र आता परत येणार नाही, आणि आजारी माणसाची झोप मोडून ती यावीही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आपले कीर्तनही दीड-दोन तासांत बसलेच ना? सायंकाळी सहा ते दहा या वेळात आख्यान रंगते. शेदोनशे श्रोत्यांच्या दालनात तर ध्वनिक्षेपकाची गरजही पडत नाही, आणि उल्हासनगरच्या दरबारांत अशी दालने आहेत.

मग करावे काय? आमची मागणी लहान आहे. या भागातील उत्सव समित्यांनी वर्षातून निदान एक सायंकाळ यंत्राला सुट्टी द्यावी आणि तो खर्च जिवंत मंडळीला द्यावा. अंबरनाथच्या शिवालयाच्या परिसरात अलीकडच्या वर्षांत कला महोत्सव भरतो आणि देशभरचे नामवंत कलावंत तेथे येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या मंचावर शेजारच्याच स्थानकावरचा भगतही सन्मानाने बसावा. डोंबिवलीत १९९९ पासून पाडव्याची स्वागतयात्रा निघते, तिचे अनुकरण गावोगाव झाले. अंबरनाथ-बदलापूरच्या लेझीम पथकांनी छेज खेळणाऱ्यांना आपल्या यात्रेत बोलवावे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिरवणुकीत आपण जावे. कीर्तन महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांनी एक आख्यान कंवररामांचे बसवावे. सिंधी घरांतील वृद्धांकडे पदे पाठ आहेत. नातवंडांनी ती देवनागरीत उतरून घ्यावीत, चालीसकट ध्वनिमुद्रित करावीत. या कामासाठी यंत्र अवश्य वापरावे. यंत्र स्मरणासाठी चांगले. उत्सवाच्या मंडपात मात्र माणूस हवा.

आणि घरोघरच्या वाचकांना एवढेच सांगणे, की या पाडव्याला गुढी उतरविल्यावर दुसऱ्या दिवसाची सायंकाळ मोकळी ठेवावी. मुलांना बरोबर घ्यावे. उल्हासनगर स्थानकात उतरून मिरवणूक कोणीकडे आहे असे विचारले तर कोणीही वाट दाखवील, आणि ताहिरीचा गोड भात हातावर ठेवल्याशिवाय सोडणार नाही. जेथे ढोल-शरणाई प्रत्यक्ष वाजत असेल तेथे उभे राहावे. पद कळले नाही तरी शेजारच्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे; ज्याने छावणीच्या दारात पहिली रात्र काढली तो ते पद ऐकताना कोठे जाऊन येतो ते तेथे दिसेल. घुंगरांचा ठेका चढेल तेव्हा टाळी आपोआप वाजेल. ती वाजू द्यावी. नारदाच्या गादीवर उभे राहणाऱ्या आमच्यासारख्याला याहून मोठी बिदागी नाही, आणि ती बिदागी या वर्षी आमच्याऐवजी त्या भगताला मिळावी, अशी पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना आहे.